कापसाच्या वाटेनं आलेली चाय

चीनच्या चहाची किंमत हिंदुस्थानचा कापूस चुकवत होता, तेव्हा वऱ्हाडात चहा कोणी पीत नव्हतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांना चहाचं वेड लागलं आणि चहा मिळायचा एकाच ठिकाणी, चीनच्या कँटन बंदरात. तिथल्या व्यापाऱ्यांना इंग्रजांचं लोकरी कापड नको होतं, ते चांदी मागायचे. चांदी वाचवायची तर चीनमध्ये खपेल असा माल हिंदुस्थानातून न्यायला हवा होता. तो माल म्हणजे अफू, असं आपण शाळेत शिकतो. मी अमरावतीच्या शाळेत नोकरी संपेपर्यंत तेच शिकवलं. पुस्तकात नव्हतं ते एवढंच, की १८२३ च्या सुमारापर्यंत हिंदुस्थानातून कँटनला जाणाऱ्या मालात अफूपेक्षा कापसाची किंमत जास्त होती.

त्या कापसात मोठा वाटा गुजरातचा. वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाणांचे तांडे तो मिर्झापूरला नेत आणि तिथून तो गंगेतल्या होड्यांत पडून कलकत्त्याकडे जाई. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी भावांच्या पेढीनं वऱ्हाडातून मुंबईला पहिल्यांदा भरघोस कापूस धाडला आणि व्यापाराचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळलं. मुंबईहून कँटनला जाणाऱ्या जहाजांचं पोट कापसानंच भरायचं. जमशेटजी जीजीभॉय यांचं नशीब याच समुद्रावर उघडलं. पुढे तर अमरावतीचं नाव कापसाच्या एका जातीलाच मिळालं. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या मालाला 'उमरा' म्हणत, उमरावतीचा म्हणून. पूर्णेच्या काळ्या मातीतली रुई अशी जगभर फिरू लागली. कँटनच्या धक्क्यावर कापसाच्या गाठी उतरवून जहाजं चहाच्या पेट्या घेत आणि त्या पेट्या थेट विलायतेला जात. वऱ्हाडात त्यातलं चिमूटभर पानही आलं नाही.

आलेल्या माणसाला तेव्हा वऱ्हाडात काय देत? पाणी आणि गुळाचा खडा. उन्हाळ्यात ताक. बैठकीला पानसुपारी. माझी आजी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची. तिच्या माहेरी पाव्हणा आला की आधी पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी आणि मग 'काय म्हन्ता' हा प्रश्न. या क्रमात कुठेही चूल पेटवावी लागत नव्हती, हे बाईमाणसाच्या दृष्टीनं फार मोठं सुख होतं. चहानं हे सुख घालवलं, असं माझं मत आहे आणि ते मी माझ्या घरातल्या पुरुषांना वेळोवेळी ऐकवलेलं आहे.

चीनमध्ये चहा ही साधी तहान भागवायची गोष्ट नव्हती. आठव्या शतकात लू यू नावाच्या माणसानं चहावरच एक ग्रंथ लिहिला. तो मठात वाढलेला अनाथ मुलगा. पान कोणतं घ्यावं, भांडी कोणती (त्यानं चोवीस सांगितली), विस्तव कशाचा, पाणी कुठलं, सगळं त्यानं नेमून दिलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. पाणी उकळण्याच्या तीन पायऱ्या: माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आले की पहिली, काठानं मोत्यांच्या माळा फुटल्या की दुसरी, लाटा उसळल्या की तिसरी, आणि त्यापुढे गेलेलं पाणी फुकट. पहिल्या पायरीला चिमूटभर मीठ. त्याच्या काळात लोक चहात आलं, कांदा, बोरं, संत्र्याची साल, पुदिना असं काहीबाही उकळत, त्याला तो गटाराचं पाणी म्हणतो. आपल्याकडच्या आल्याच्या चहाचं त्यानं काय केलं असतं हे सांगायला नको.

पुढे चीननं पद्धत दोनदा बदलली. सोंग राजवटीत चहाची भुकटी वाडग्यात घुसळून फेस काढू लागले. जपाननं ती रीत उचलली आणि आजवर जपली. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानं १३९१ साली चहाच्या दाबलेल्या वड्या खंडणीत घ्यायच्या बंद केल्या आणि सुटं पान गरम पाण्यात मुरवायची पद्धत रुळली. आज ज्याला चिनी चहाची कला म्हणतात ती या सुट्या पानाची आहे. तिचं माहेर दक्षिणेकडचे फूज्येन आणि ग्वांगडोंग हे प्रांत. कँटन ग्वांगडोंगमध्येच येतं.

हे सगळं मी वाचून सांगितलं असतं तर कोरडं राहिलं असतं. पण माझा भाचा एका कापूस निर्यात करणाऱ्याकडे नोकरीला होता. २०११-१२ च्या सुमारास चीन आपल्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता आणि भाचा कामासाठी ग्वांगझौला जायचा. ग्वांगझौ म्हणजे जुनं कँटनच. दोनशे वर्षांनी वऱ्हाडच्या गाठी पुन्हा त्याच दिशेला निघाल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्याला वाटलं नाही, त्याला कापसाच्या भावाची काळजी होती. तो सांगायचा, तिथे भावाचं बोलणं लगेच निघतच नाही. आधी चहा. समोरचा माणूस स्वतःच्या हातानं करतो, शिपायाला सांगत नाही.

एकदा तो तिथून तांबूस मातीची मुठीएवढी किटली, लहान लहान कप आणि उलंग जातीच्या पानाचा डबा घेऊन आला. घरी त्यानं आम्हाला ती रीत करून दाखवली. आधी किटली आणि कप उकळत्या पाण्यानं आतबाहेर धुऊन गरम केले. मग किटलीत पान घातलं, थोडं नाही, तिसरा हिस्सा भरेल इतकं. पहिलं पाणी ओतून लगेच फेकून दिलं. दुसरं पाणी घातलं, चारदोन श्वासांइतकं थांबला आणि ओतलं. एकच पान तो पुन्हा पुन्हा भिजवत होता आणि प्रत्येक वेळी चव वेगळी लागत होती. तिसऱ्या पाण्याला पान खरं उमलतं, असं त्याला कोणी शिकवलं होतं. सगळ्यात मला आवडलं ते ओतणं. कप एकमेकांना चिकटून मांडायचे आणि त्यांच्यावरून किटली गोल फिरवत राहायची, म्हणजे सगळ्यांचा रंग सारखा येतो. चिनी लोक याला 'क्वान यू शहराची गस्त घालतो' म्हणतात. उरलेले थेंब एकेका कपात टिपत जायचे, ते 'हान शिन सैनिक मोजतो'. दोघंही त्यांच्या इतिहासातले सेनापती.

माझी मावशी हे सगळं भिंतीला टेकून पाहत होती. ती म्हणाली, "हे त भातुकली झाली रे बावा. चाय कुठी आहे याच्यात?"

पाणी मात्र आमचं दगा देणारच होतं. भाच्यानं बाटलीतलं आणलं म्हणून निभावलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना लू यूनं पाण्याला एवढं महत्त्व का दिलं हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. या पट्ट्यात विहीर खणली की खारं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहा खारट होतो. लू यू हातानं मीठ घालायचा, इथे ते जमिनीतूनच यायचं. आजी सांगायची, गावात चाय नवीन आली तेव्हा लोकांना ती आवडलीच नाही, कारण विहिरीच्या पाण्याची चाय म्हणजे 'कायी, खारी अन् वरून गरम'. मग हुशार बायकांनी पावसाचं पाणी रांजणात धरून ठेवायला सुरुवात केली. ते वापरायचं नाही, धुवायचं नाही, फक्त पाव्हण्याच्या चायसाठी. लांबच्या गोड्या विहिरीवरून आणलेली घागर असेल तर तिच्यावर झाकण आणि पोरांवर पहारा. डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्याची परीक्षा करणाऱ्या चिनी पंडितांपेक्षा या बायकांचं पाण्याचं ज्ञान कमी होतं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, एवढाच फरक.

आता चहा इथवर आला कसा, ते सांगते. समुद्रकाठच्या माणसांना तो जुनाच होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेच्या वखारीत पाद्री म्हणून आलेल्या ओव्हिंग्टननं लिहून ठेवलंय, की तिथले बनिये खडीसाखर घालून चहा पितात आणि डोकेदुखीवर, पोटदुखीवर मसाल्यासह घेतात. सुरतेहून बऱ्हाणपूर आणि बऱ्हाणपुराहून बाळापूर ही मोगलाईतली वाहती वाट होती. तिच्यावरून कापड, मसाले, घोडे सगळं फिरलं, पण चहा रयतेच्या घरात शिरला नाही. तो औषध होता, तोही श्रीमंतांचा.

मग बाटवाबाटवीचा प्रश्न निघाला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं मोठमोठ्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. डाव आनंदीबाई जोशींच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा. नावं 'पुणेवैभव'मध्ये छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. टिळक आणि रानडेही त्यात सापडले, प्रायश्चित्तं झाली. ते भांडण चहाच्या चवीचं नव्हतंच, तो कोणाच्या हातचा एवढंच विचारलं जात होतं. हा प्रश्न वऱ्हाडातही आला, पण उशिरा आणि दुसऱ्या दारानं, त्याच्याकडे येतेच.

दार उघडलं रेल्वेनं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळकडून नागपूरकडे सरकले आणि अकोला, बडनेरा ही ठाणी कापसानं गजबजली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची शाखा उघडायला स्वतः आला. रॅली ब्रदर्स, फोलकार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्यांचे साहेब जिनिंगच्या आवारात बंगले बांधून राहू लागले. चहा प्यायचे ते हे साहेब, त्यांचे खानसामे आणि रेल्वेतले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. तोपर्यंत आसामचे मळे भरात आले होते. ज्या आसामात १८३० च्या दशकात चहा वळायला चीनहून कारागीर आणावे लागले, तिथलाच चहा पन्नास वर्षांत विलायतेच्या बाजारात चिनी चहाच्या पुढे गेला. हात गेले आणि यंत्रं आली. वऱ्हाडपर्यंत पोचलेला चहा हा यंत्राचा चहा आहे. त्याच्यामागची चिनी कला वाटेतच गळली.

सामान्य वऱ्हाडी माणसाच्या ओठी चहा लागला तो मात्र एका मंदीमुळे. १९०३ साली सरकारनं चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार करणारी समिती नेमली. सुरुवातीला तिचं लक्ष परदेशाकडेच जास्त. १९२९ नंतर जगभर भाव कोसळले. १९३३ साली हिंदुस्थान, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज यांच्या मळेवाल्यांनी करार करून निर्यातीला लगाम घातला. उरलेला चहा कुठे खपवायचा? इथेच. त्याच १९३३ साली जपाननं आपल्या कापसावर बहिष्कार घातला. आणि जपान तर उमराचं मोठं गिऱ्हाईक; त्यांच्या गिरण्यांना आपला आखूड धाग्याचा कापूस चालायचा, १८९३ पासून कोबे-मुंबई आगबोट त्यासाठीच धावत होती. म्हणजे एकाच मंदीनं वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव पाडला आणि त्याच मंदीनं चहा विकणारे त्याच्या दारात आणून उभे केले. हातात पैसा नाही तेव्हाच त्याला नवीन खर्च शिकवला गेला. इतिहासाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात ह्या दोन गोष्टी मी एका पानावर पाहिल्या नाहीत.

प्रचाराची तऱ्हा मोठी शिस्तीची होती. स्टेशनांवर मीनाकारी पत्र्याच्या पाट्या लागल्या, त्यांवर चित्रांसह कृती: ताजं पाणी उकळा, किटली गरम करून घ्या, माणशी एक चमचा पत्ती घाला, झाकून मुरू द्या, मग कपात दूध-साखर. बाजाराच्या दिवशी माणसं यायची, फुकट पाजायची, पुडी हातात द्यायची. प्रचारवाल्यांची कायमची तक्रार, की हिंदुस्थानी विक्रेता पाटी वाचतो आणि उलटं करतो. पत्ती कमी, दूध-साखर जास्त, आणि सगळं एकत्र खदखदून उकळायचं. यात तक्रारीसारखं काय आहे मला कळत नाही. पत्ती महाग होती आणि दूध घरचं. तेही कसलं? एलिचपुरी म्हशीचं, ज्या जातीला आता नागपुरी म्हणतात. असं दाट दूध ज्याच्या गंजात आहे तो माणूस काळं पाणी कशाला पिईल?

माझे आजोबा अकोल्याच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे मुनीम होते. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत, वाळवीपासून वाचून उरलेल्या. जुन्या वह्यांत खर्चाच्या बाजूला 'पानसुपारी' ही ओळ ठरलेली. १९३० च्या दशकातल्या वह्यांत तिच्याखाली 'चहा' येऊ लागतो. सुरुवातीला सणासुदीला, कोणी मोठा असामी पेढीवर आला तर. मग हंगामात रोज. पुढे पानसुपारीची ओळ आखडत जाते आणि चहाची वाढत जाते. कोणाला चहा दिला आणि कोणाला नाही, यावरून त्या पेढीवर कोणाची पत किती ते मला वाचता येतं.

वऱ्हाडच्या कापूस बाजाराचा इतिहास अभिमान बाळगावा असा आहे. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंज्याला झाला आणि १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा हा या प्रकारचा पहिलाच. त्याआधी आणि बराच काळ त्यानंतरही सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि खरीददार हातावर रुमाल टाकून बोटांनी भाव सांगत. ज्याचा कापूस, तो शेतकरी बाजूला उभा. त्याला रुमाल दिसायचा, बोटं दिसायची नाहीत. बोटं सुटली, रुमाल झटकला, की चाय यायची. ती शेतकऱ्यालाही मिळायची, आणि तीच सौदा झाल्याची खूण. आजोबांच्या तोंडचं वाक्य होतं, "चाय पेला म्हन्जे भाव कबूल." एकदा कप ओठाला लागला की मग वजनात घट, मालात ओल, हमाली, तोलाई, धर्मादाय काहीही कापलं तरी तोंड उघडायची सोय उरत नव्हती. भाव पटला नसेल तर शेतकऱ्यानं करायचं काय? चाय नाकारायची. 'आत्ताच पेलो' म्हणायचं. आजोबांनी असे नाकारणारे फार थोडे पाहिले, आणि त्यांच्याबद्दल ते आदरानं बोलायचे.

हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. बंड्या संध्याकाळीच येऊन रांगेत लागायच्या, बैल सोडून जुवाला बांधायचे, थंडीत माणसं बंडीखाली कापसाच्या उबेत झोपायची. पहाटे टपरीवाला किटली घेऊन रांगेतून फिरायचा. जिनात रात्रपाळीच्या बाया रुईच्या धुरोळ्यानं घसा धरला म्हणून चाय मागायच्या. तिथेच उधारीची पाटी, तिथेच 'कट' आणि 'दोनात तीन'. दोन चायचे पैसे, तीन गिलास. पण तिन्ही सारखे दिसले पाहिजेत, नाहीतर भांडण. म्हणून टपरीवाला गिलास चिकटून मांडतो, किटली एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो आणि तशीच परत आणतो, पहिल्यात नुसतं पाणचट आणि शेवटच्यात गाळ असं होऊ नये म्हणून. भाच्यानं क्वान यूची गस्त दाखवली तेव्हा मी त्याला म्हटलं, हे मी कापूस बाजाराच्या फाटकावर लहानपणीच पाहिलंय.

आता तो दुसऱ्या दाराचा प्रश्न. चहाच्या हॉटेलानं सगळ्यांना एका बाकावर बसवलं, असं आपण कौतुकानं म्हणतो. सगळ्यांना नाही. रेल्वेच्या फलाटावर 'हिंदू चाय, मुसलमान चाय' असा पुकारा होई, आणि गावातल्या हॉटेलात महारा-मांगांसाठी कपबशी वेगळी, कान तुटलेली, बाहेर खुंटीला किंवा कुडात खोचलेली. आपली आपण धुवायची आणि परत खोचायची. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा समोर अंबादेवीच्या मंदिराचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. देवळाची आणि विहिरीची ही लढाई पुस्तकांत आहे. कपबशीची नाही, कारण तिला तारीख नाही. ती गावागावांत, हॉटेलाहॉटेलांत वेगवेगळ्या वेळी सुटली, आणि काही ठिकाणी काचेच्या गिलासानंच सोडवली. माझ्या लहानपणापर्यंत ती खुंटी मी पाहिलेली आहे. माझ्या वडिलांनी मला तिच्याविषयी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वऱ्हाडच्या शेजारी, वर्ध्याला, चहाचा सगळ्यात मोठा विरोधक राहत होता. गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात चहा शरीराला नको म्हणून सांगताना ते चीनकडे वळतात. तिथलं पाणी भरवशाचं नसल्यानं ते उकळूनच प्यावं लागे. पाणी खरंच उकळलं की नाही हे कळावं म्हणून कोणा हुशार चिनी माणसानं हे पान शोधून काढलं, असं ते म्हणतात. गाळणीत पान ठेवावं, वरून उकळतं पाणी ओतावं, गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग आला म्हणजे झालं. असा चहा निरुपद्रवी आहे. वाईट तो आपण करतो तो, पान उकळून उकळून त्यातला कातडी कमावणारा कस उतरवलेला. चिनी रीत आमच्या भागात सगळ्यात नेमकी कोणी सांगितली असेल तर ती चहाच्या या शत्रूनं. सेवाग्रामला जाऊन आलेली आमच्याकडची खादीधारी मंडळी घरी येऊन कोरी गवती चहाची पानं उकळून घेत आणि बाजारात गेली की गुपचूप 'स्पेशल' मारत.

१९४७ साली चहाचा प्रचार करणाऱ्या मंडळासाठी अन्नदा मुन्शी यांनी एक चित्र काढलं: चरख्याशी बसलेली बाई, जवळ चहाची कपबशी, आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही. कापूस आणि चहा अखेर एका चित्रात आले. पुढची घडामोड झटपट झाली. आसामात १९३० साली मॅकर्चर नावाच्या साहेबानं पान चिरडून, फाडून, गोळी करणारं यंत्र काढलं होतं. स्वातंत्र्यानंतर त्याचा दाणेदार चहा सगळीकडे झाला. किराणा दुकानात बारदानावर ममरी आणि डस्ट वेगवेगळ्या मांडलेल्या असत, थोडक्या पत्तीत गडद रंग यायचा, आणि आता मजुराच्या घरीही चाय परवडू लागली. साखर नसेल तर 'गुयाची', दूध नसेल तर 'कायी'. आजीच्या गूळपाण्यातला गूळ असा परत आला.

१९७२ पासून सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि रुमाल गेला. त्याच्या जागी रांग आली. केंद्रावर बंड्या आणि ट्रॅक्टर दिवसच्या दिवस उभे असत, ग्रेडरची वाट पाहत. तेव्हाच्या टपऱ्यांवरच्या उधारीच्या वह्या कोणी जमवल्या असत्या, तर कोणता शेतकरी किती दिवस ताटकळला याचा हिशेब सरकारी दप्तरापेक्षा तिथे नीट सापडला असता. 'चहापाणी' या खर्चाचा तर वेगळा इतिहास लिहावा लागेल. तो मी लिहिणार नाही, मला याच गावात राहायचं आहे.

चीनमध्ये चहाचा इतिहास लिहायला लू यूपासून ग्रंथ आहेत, चित्रं आहेत, बादशहांचे हुकूम आहेत. आपल्याकडे आहेत त्या अडतीच्या रोजकीर्दी, जिनाच्या हजेरीच्या वह्या, हॉटेलांच्या उधारीची पानं आणि कुठे कुठे भिंतीवर राहून गेलेली एखादी गंजकी पाटी. अकोला, खामगाव, कारंजा, अमरावती, अचलपूर इथल्या जुन्या घरांत ही कागदं अजून माळ्यावर पडलेली आहेत आणि घर पाडताना ती थेट रद्दीत जातात. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती विकण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात किंवा गावच्या वाचनालयात एकदा नेऊन दाखवावीत. मोडी वाचता येत नसेल तरी चालेल. वाचणारे अजून आहेत. आजोबांच्या वह्या मी याच वर्षी देणार आहे.